पंधरवड्यापुरती कुत्री

कुत्रा हा प्राणी मला कधीच आवडला नाही. त्याच्या अंगाला ओल्या गोणपाटासारखा वास येतो. जी जीभ तो स्वतःच्या शेपटीखाली फिरवतो तीच घेऊन तो माणसाच्या हाताशी लगट करायला येतो, आणि माणसं त्याला प्रेम म्हणतात. माझ्या बायकोचं मात्र तसं नव्हतं. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक कुत्री राहायची, तिला ती रोज संध्याकाळी अर्धी भाकरी घालायची.

इमारत मुलुंड पूर्वेला, मिठागरांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तीन मजले, आणि बहुतेक बिऱ्हाडं कोकणातली. बापांनी गिरणीत दिवस काढलेले, मुलं बँकेत, शाळेत, सरकारी कचेऱ्यांत लागलेली. मी विलेपार्ल्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. संध्याकाळी घरी पोचायचो तेव्हा बायको खाली जिन्याशी उकिडवी बसलेली असायची आणि मालवणीत कुत्रीशी बोलत असायची, ‘‘खा गो बाय, खा.’’ कुत्री तांबूस, एक कान फाटलेला, पाठीवर लुतेनं केस गेलेले. भाकरीचा एक तुकडा ती खायची आणि उरलेला तोंडात धरून पाण्याच्या टाकीमागे जायची, तिथं मातीत पुरून ठेवायची. मी म्हणायचो, ‘‘बघ, तुझ्या भाकरीची किंमत.’’ बायको म्हणायची, ‘‘फाल्याची सोय करता ती. तुमका नाय कळाचा.’’ फाल्या म्हणजे आमच्याकडे उद्या.

बायको अचानक गेली. भेटायला आलेल्या बायका एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत बोलत होत्या: भाग्याची हो, सवाष्ण गेली. मी कोपऱ्यात सतरंजीवर बसून ते ऐकत होतो. म्हणजे मी आधी गेलो असतो तर ती अभागी ठरली असती, आणि तिच्या कपाळाकडे बघून याच बायकांनी तिला हळदीकुंकवातून वगळलं असतं. ती मेली यात त्यांना काही तरी नीटनेटकं झाल्यासारखं वाटत होतं. एकीनं तर माझ्या बहिणीला हळू आवाजात विचारलं की ओटीची साडी कुठून आणली, पोत चांगलं आहे.

त्यानंतर कुत्रीला कोणी नेमानं घालेना. मला भाकरी येत नाही. मी पाव आणायचो आणि दोन पायऱ्या वरूनच टाकायचो. ती पाव खायची, पण आधी माझ्या मागे जिन्याकडे बघायची. ते मला सहन व्हायचं नाही. तरी टाकत राहिलो. बायकोच्या हातचं खाल्लेली त्या इमारतीत आता आम्ही दोघंच उरलो होतो.

इमारतीतल्या इतरांचा कुत्रीशी संबंध दोन प्रकारचा होता. वर्षातले साडेअकरा महिने ती घाण होती. येता-जाता तिला लाथ बसायची, वरच्या गॅलरीतून तिच्यावर उकळतं नसलं तरी बऱ्यापैकी गरम पाणी पडायचं. सेक्रेटरी, म्हणजे पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांच्याकडे इमारतीतला एकमेव टेलिफोन होता, ते छत्रीचं टोक तिच्या पाठीवरच्या लुतेत रुतवून तिला उठवायचे. पण भाद्रपदातला पितृपंधरवडा आला की कुत्री एकदम पूज्य व्हायची. आपल्याकडे पितरांच्या पानाबरोबर तीन घास वेगळे काढतात: कावळ्याचा, गायीचा आणि कुत्र्याचा. कावळ्यासाठी गच्ची होती. गाय घेऊन एक बाई देवळाशी बसायची. कुत्र्याला मात्र आसपास पर्याय नव्हता, कारण ही एकटी दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला आवारात येऊ देत नसे. आणि कावळ्याचं खरं नसतं. तो येतो, न येतो, कठड्यावर बसून मान वाकडी करतो आणि उडून जातो. कुत्री हमखास खायची. त्यामुळे सगळ्यांची भिस्त तिच्यावर.

बायको गेली त्याच्या पुढल्या वर्षीची ही गोष्ट. तिथीप्रमाणे रोज कोणी ना कोणी केळीचं पान घेऊन खाली उतरत होतं. कधी एका दिवशी चार-चार घरं. छत्रीचं टोक रुतवणारे सेक्रेटरी सोवळं नेसून जिन्याशी बसले होते आणि म्हणत होते, ‘‘ये गं, ये माझी बाळी ती. खीर बघ, खीर.’’ कुत्रीनं तोंड लावलं तसं त्यांनी वर बघून बायकोला ओरडून सांगितलं, ‘‘खाल्लं गं! अण्णांना पोचलं!’’ अण्णा म्हणजे त्यांचे वडील. शेवटची काही वर्षं ते याच जिन्यात खुर्ची टाकून बसायचे, कारण घरात त्यांच्या खोकल्याचा त्रास व्हायचा.

नवमीला आमच्याकडे पान होतं. सवाष्ण गेलेल्या बायकांची ती तिथी, अविधवा नवमी. माझी थोरली बहीण गिरगावातून आली, तिनं वडे, खीर, काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं. मी घास घेऊन खाली गेलो तर कुत्री आडवी पडलेली, पोट फुगलेलं, डोळ्यांच्या कडांना चिपडं. त्या दिवशी तीन घरांत नवमी होती. तळमजल्यावरच्या वहिनी तिच्या तोंडाशी वडा नेऊन ठेवत होत्या आणि तिनं तोंड फिरवलं की बोटानं जबडा उघडत होत्या. ‘‘घे गं. एवढं एक घे. सासूबाई आयुष्यभर माझ्यावर रुसल्या, आता तू नको रुसू.’’ मी माझं पान टाकीवर कावळ्यांसाठी ठेवलं आणि वर आलो. बहिणीनं विचारलं, ‘‘खाल्लं?’’ मी म्हटलं, ‘‘ती आजारी आहे.’’ बहीण म्हणाली, ‘‘अरे पण खाल्लं का?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रीनं जिन्यात ओकलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर, सेक्रेटरींच्या दाराच्या अगदी समोर. मी ग्रंथालयात जायला निघालो होतो. त्या ओकारीचं वर्णन मी करणार नव्हतो, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. दुधाचं फाटून दही झालेलं, त्यात तांदूळ, न चावलेले वडे, हिरवं काही तरी. माशा आल्या होत्या आणि मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरत होती. भोवती चार-पाच माणसं नाकाला पदर, रुमाल लावून उभी होती, आणि ते कोणी साफ करायचं यावर वाद चालला होता.

‘‘दारात तुमच्या आहे,’’ तळमजल्यावरच्या वहिनी सेक्रेटरींना म्हणाल्या.

‘‘दार माझं, पण अन्न कुणाचं?’’ सेक्रेटरी म्हणाले. ‘‘आमचं पान अष्टमीला झालं. ते काय आतापर्यंत राहतंय पोटात?’’

दुसऱ्या मजल्यावरचे एक जण चष्मा सावरून खाली वाकले. ‘‘यात भोपळ्याची साल दिसतेय. भोपळा कुणी केला होता?’’

‘‘आमच्याकडे भोपळा नसतोच मुळी,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘आमच्याकडे भेंडी असते.’’

‘‘मग ही भेंडीच असेल.’’

‘‘भेंडी अशी दिसते होय? बायकोला विचारा, भेंडी कशी असते ते.’’

कुणी हसलं नाही. सगळे त्या ओकारीत आपापले पितर शोधत होते, सापडू नयेत म्हणून. मी पुढे झालो, घरून राख आणि जुनं वर्तमानपत्र आणलं आणि ते भरलं. माझी बोटं त्या ओलसर उबेला लागली ते मला अजून आठवतं. मागून सेक्रेटरी म्हणाले, ‘‘भाऊ, तुमचंच असणार. तुमच्याकडे वाटाणे होते ना?’’

सर्वपित्री अमावस्या झाली. पंधरवडा संपला. त्याच संध्याकाळी गच्चीत सोसायटीची सभा झाली. विषय एकच: दुसऱ्या दिवशी घट बसणार, नवरात्रात आवारात मुली-बायकांची ये-जा असते आणि ती लूत लागलेली कुत्री सगळीकडे घाण करते. कुत्री पकडणाऱ्या गाडीला फोन करायचा. त्या काळी ती गाडी कुत्री घेऊन जायची ती परत आणायला नाही, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक होतं.

मी सभेत सहसा बोलत नाही. त्या दिवशी विचारलं, ‘‘मग आधी का नाही बोलावली?’’

सेक्रेटरी माझ्याकडे असे बघत राहिले जणू मीच काही अडाणीपणाचं बोललो. ‘‘पंधरवडा होता ना, भाऊ,’’ ते म्हणाले. ‘‘सगळ्यांची पानं व्हायची होती.’’

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. सोय बघून केलेली साधी गोष्ट होती ती त्यांच्या दृष्टीनं. ऊस आधी पिळायचा, चोथा मग टाकायचा. वाळत घातलेल्या गोधड्यांच्या आडून मिठागराकडचा खारा, कुजका वारा येत होता आणि मला वाटलं की वास तिकडून येत नाही, इथूनच येतोय.

मी म्हटलं, ‘‘मी तिला कुठे तरी घर बघतो. तोवर फोन करू नका.’’

‘‘लुतेच्या कुत्रीला घर?’’ कुणी तरी म्हणालं. ‘‘भाऊ, इथं माणसांना जागा मिळेना.’’ ते हसले. पण मी विधुर होतो, त्यामुळे मला थोडी सूट होती. दसऱ्यापर्यंतची मुदत मिळाली. दसऱ्याला कुत्री आवारात दिसली तर फोन.

मी स्वतः का ठेवून घेतली नाही, असं पुढे मला काहींनी विचारलं. घरात जनावर ठेवायला सोसायटीची मनाई होती हे खरं, पण मनाई नसती तरी मी ठेवली नसती. मला तिची किळस यायची. तिनं जगावं एवढंच मला वाटत होतं, ती माझ्या सतरंजीवर जगावी असं नाही.

पार्ल्याला एका ओळखीच्या गृहस्थांचा बंगला होता. त्यांना कुत्रा हवा आहे असं कळलं म्हणून मी त्यांना बोलावलं. ते सपत्नीक मोटारीतून आले. गाडीतून न उतरताच बाईंनी खिडकीची काच अर्धी खाली केली आणि विचारलं, ‘‘मादी आहे?’’ मी हो म्हटलं. ‘‘मग नको. पिल्लं झाली की कामवालीला सांगून बुडवायला लागतात, आणि ती हल्ली त्याचे वेगळे पैसे मागते.’’ असं म्हणून त्यांनी काच वर केली. गृहस्थ मात्र चांगले, त्यांनी जाताना हात हलवला.

भांडुपला कारखाना असलेला बायकोचा एक लांबचा भाऊ म्हणाला, ‘‘द्या ना भावोजी. गेटवर साखळीनं बांधतो. एक दिवसाआड खायला घालायचं, म्हणजे अशी भुंकते की चोराची टाप नाही.’’ हे त्यानं माझ्या घरी, माझ्या समोर बसून, माझ्या बहिणीनं केलेले लाडू खात सांगितलं. लाडवाचा भुगा त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात चिकटला होता. मी त्याला दुसरा लाडू विचारला नाही.

नवरात्राचे दिवस सरत होते. ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर माझी एक सहकारी होती, तिशीची, बोलायला फटकळ. जेवणाच्या सुट्टीत मी हे कुणाला तरी सांगत होतो ते तिनं ऐकलं. तिला नुकताच चारकोपला प्लॉट मिळाला होता. तिथं तेव्हा नुसते सेक्टरांचे दगड होते आणि लोक पत्र्याच्या आडोशात राहून आपापली खोली जमेल तशी बांधत होते. तिच्या सिमेंटच्या गोणी दोनदा चोरीला गेल्या होत्या.

‘‘सर, चावते का?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘मग काय कामाची?’’

‘‘भुंकते,’’ मी म्हटलं. ‘‘दुसऱ्या कुत्र्याला आवारात येऊ देत नाही.’’

‘‘आणि माणसाला?’’

मी खरं सांगितलं. ‘‘माणसांना ती फार जवळ येऊ देते. तोच तिचा दोष.’’

ती हसली. ‘‘चालेल. तो दोष आमच्याकडे दोन दिवसांत जाईल, आमची सासू आहे ना घरात. पण सर, घरात लहान मूल आहे. गोचीड काढून द्या आणि लुतेला काही तरी लावायला सुरुवात करा. आणि दसऱ्याच्या आधीच नेते, दसऱ्याला आमचा मोठा दिवस, घर पाहुण्यांनी भरतं.’’

ती बौद्ध होती. हे मी इथं लिहितोय ते पुढच्या गोष्टीसाठी, एरवी लिहायचं कारण नव्हतं.

मग ती संध्याकाळ आली जिचं मला अजून शहारे आणणारं स्मरण आहे. म्हशींच्या तबेल्यात येणाऱ्या गुरांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गंधक खोबरेल तेलात कालवून मी जिन्याखाली बसलो. कुत्रीच्या कानात गोचीड होते, द्राक्षांच्या घोसासारखे, राखी, टम्म फुगलेले. एकेक चिमट्यानं ओढून रॉकेलच्या वाटीत टाकायचा. काही फुटले, आणि काळपट रक्त माझ्या नखांत गेलं. पाठीवरच्या खपल्यांना तेल लावताना त्या निघून बोटांना चिकटत होत्या. कुत्री न हलता पडून होती, अधूनमधून माझं मनगट चाटायची आणि मी मनगट धोतराला पुसायचो. मला दोनदा उठून गटारापाशी जावं लागलं. बायको हे करत असती तर गाणं म्हणत केलं असतं. मी दात आवळून केलं. झालं ते मात्र सगळं झालं.

न्यायच्या दिवशी माझी सहकारी तिच्या नवऱ्याबरोबर आली. नवऱ्यानं मित्राचा वाळू वाहणारा टेम्पो आणला होता. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली, कुत्रीला बिस्किट दिलं आणि गळ्यात सुती दोरी बांधायला लागली. गॅलऱ्या भरल्या. सेक्रेटरी खाली आले, हात मागे बांधून.

‘‘कुठे नेताय?’’

‘‘चारकोपला.’’

‘‘वा, वा. चांगलं काम करताय. आडनाव काय आपलं?’’

तिनं आडनाव सांगितलं. सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. त्यांनी तळमजल्यावरच्या वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मला खूण करून बाजूला बोलावलं आणि कुजबुजत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, ‘‘भाऊ, असं कसं हो? तिच्या पोटात आपल्या पितरांचं अन्न गेलंय. त्यांच्याकडे कशी पाठवायची? त्यापेक्षा ती गाडी परवडली.’’

माझ्या सहकारीनं दोरीची गाठ पक्की केली आणि मान वर न करता म्हणाली, ‘‘वहिनी, तुम्ही नका काळजी करू. तुमचं सगळं तिनं इथंच जिन्यात काढून ठेवलंय. सर म्हणाले मला. भोपळा होता का भेंडी, तेवढं मात्र ठरलं नाही म्हणे.’’

तिचा नवरा खो-खो हसला. वरच्या गॅलरीतही कुणी तरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. कुत्रीला टेम्पोत चढवलं. ती वाळूवर उभी राहिली, इमारतीकडे न बघता बिस्किटाच्या पुड्याकडे बघत होती. मला ते आवडलं. त्या इमारतीकडे बघावं असं तिथं काही नव्हतं.

टेम्पो वळला तशा वहिनी बादली घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी पायरी धुतली. जिन्याखालची, जिथं कुत्री वर्षानुवर्षं लोळली, ती जागा नव्हे. माझी सहकारी बसली होती ती पायरी. दोनदा धुतली.

मी त्या इमारतीत नंतरही पुष्कळ वर्षं राहिलो. दुसरीकडे जायला जागा नव्हती आणि बायकोची भांडी त्या मांडणीवर बसत होती. पण त्या पायरीवर मी कधी पाय टाकला नाही, ती एक गाळून उतरायचो. लोकांना वाटायचं, भाऊंचे गुडघे गेले.

पुढल्या भाद्रपदात आवारात कुत्रं नव्हतं. दुसरी कुत्री होती रस्त्यावर, पण ती पानं उचलून पळायची, नाही तर दगडाच्या भीतीनं जवळच यायची नाहीत. पंधरवड्याच्या सुरुवातीलाच सेक्रेटरी माझ्याकडे वर आले. हातात स्टीलचा डबा.

‘‘भाऊ, अण्णांचं पान अष्टमीला. तुम्ही कामावर जाल तेव्हा हा डबा त्या तुमच्या बाईंना द्याल का? कुत्री आपल्या ओळखीची. तिनं खाल्लं की मनाला बरं वाटतं.’’ मग आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘फक्त त्यांना सांगा, सरळ कुत्रीपुढेच ठेवायचा. त्यांनी हात लावायला नको. म्हणजे पितरांचं असतं ना.’’

मी म्हटलं, ‘‘गाडीला फोन करा की. त्या गाडीत पुष्कळ कुत्री असतात.’’

त्यांना ती थट्टा वाटली. ते हसले, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि डबा दाराशी ठेवून गेले. मी तो खाली नेऊन त्यांच्या दाराशी ठेवला, बरोबर त्या ठिकाणी जिथं मी आदल्या वर्षी राख टाकली होती.

नवमीला बहीण आली नाही, मीच नको म्हटलं. मी पान केलं नाही, घास काढले नाहीत. पोळीभाजी केंद्रातून तांदळाची एक भाकरी घेतली आणि चारकोपला गेलो. माझ्या सहकारीची खोली उभी राहिली होती, एका भिंतीला अजून गिलावा नव्हता. आत बुद्धाची तसबीर, खाली तिची सासू लसूण सोलत बसलेली. ‘‘तुमी काय ते सर?’’ सासू म्हणाली. ‘‘बसा. ती तुमची बया सुकटीशिवाय जेवत नाय. कुणी लावली सवय? हिनंच लावली.’’ सहकारी म्हणाली, ‘‘आत्या, तुम्हीच रोज टाकता की ताटातली.’’

कुत्री बाजूच्या प्लॉटवरच्या वाळूच्या ढिगावर पडली होती. पाठीवर केस आले होते. फाटका कान तसाच. माझ्यावर ती आधी भुंकली, चांगली दणकून. मग जवळ येऊन हुंगलं आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं.

‘‘नाही, ती नाही आली,’’ मी म्हटलं.

भाकरी मी दोन पायऱ्या वरून टाकली नाही, तिथं पायऱ्याच नव्हत्या. हातावर धरली. तिनं एक तुकडा मोडून खाल्ला आणि माझा पंजा मनगटापर्यंत चाटला, गरम, बुळबुळीत. उरलेली भाकरी तोंडात धरून ती ढिगामागे गेली, पुढच्या पायांनी वाळू उकरली, भाकरी आत ठेवली, नाकानं वाळू लोटली. मी बघत उभा राहिलो.

‘‘सर, चहा टाकते,’’ सहकारी दारातून म्हणाली. माझ्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. ‘‘साबण देऊ?’’

‘‘द्या,’’ मी म्हटलं, आणि त्यांच्या मोरीत बसून हात दोनदा धुतले. मग चहा घेतला.